सहा महिन्यांपुरती खिडकी

परक्या गावात बिऱ्हाड करताना माणसाने काय काय पाहून घ्यावे, याची एक यादी मी साताऱ्यातच तयार केली होती. नळ, मोरी, शेजार, बाजार, ढेकूण आणि घरमालकाचा स्वभाव. हैदराबादेत अफझलगंजातल्या एकनाथरावांच्या घराने या सहाही विषयांत माझे समाधान केले आणि मी किल्ली खिशात टाकली. घराला खिडकी आहे का, हे मी पाहिले नाही. मुलगी बघायला जाणारा माणूस ‘नाक आहे का?’ असे कधी यादीत लिहून नेतो काय? काही गोष्टी असायच्याच, असे आपण धरून चालतो.

निर्मलाने मात्र टांग्यातून उतरून घरात पाऊल टाकले, चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारले, “अहो, रस्ता कुठे आहे?”

“बाहेर.”

“बाहेर आहे ते मलाही कळतं. दिसतो कुठून?”

तो कुठूनच दिसत नव्हता. आमचा भाग म्हणजे एकनाथरावांच्या जुन्या घराची मागची बाजू. एके काळी तिथे बायकांचा वावर असे, आणि इथल्या जुन्या हिंदू घराण्यांतही बायका पडद्यात असत, त्यामुळे बांधणाऱ्याने गल्लीकडच्या भिंतीला बोटभर भोकसुद्धा ठेवले नव्हते. मधल्या चौकातून उजेड मुबलक येई, वारा येई, आभाळ तर हवे तेवढे दिसे. “आभाळात काय बघायचं?” निर्मला म्हणाली. “तिथे कोण भांडतंय?”

तिचेही चूक नव्हते. तिचे माहेर साताऱ्याच्या भर पेठेत. माजघरातल्या खिडकीत बसून कोणाची सून रुसून निघाली, कोणाकडे पाहुणे आले, कोणत्या मास्तरांनी नवे जोडे घेतले, हे सगळे तिला भाजी निवडता निवडता समजे. लग्नानंतरच्या आमच्या घरालाही रस्त्यावर खिडकी होती. मी कचेरीतून किती वाजता निघालो आणि कोणाशी किती वेळ बोलत उभा राहिलो, हे मी घरी पोचण्याआधी तिला ठाऊक असायचे. आता त्या बाईला मी चार भिंती आणि एक आभाळ दिले होते.

“सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो.

हे मात्र खरे होते. पोलीस अ‍ॅक्शनला दोन महिने झाले होते आणि हैदराबादचा कारभार नव्या वळणावर आणण्यासाठी मुंबई इलाख्यातून काही माणसे सहा महिन्यांच्या बोलीवर पाठवली होती, त्यांत मी होतो. निर्मलाने निघतानाच मोठी पेटी कुलूप लावून दोरीने करकचून बांधली होती आणि रोजच्या चार लुगड्यांचे बोचके वेगळे ठेवले होते. पाटा-वरवंटा घ्यायचा विषय मी काढला, तेव्हा तिने स्पष्ट सांगितले, “सहा महिन्यांसाठी दगड कोण वाहून नेतो?” इथे आल्यावर ती पेटी भिंतीशी तशीच बांधलेली उभी राहिली आणि चटणीसाठी एकनाथरावांच्या पत्नी तारामतीबाई यांच्याकडचा खलबत्ता उसना येऊ लागला.

आठव्या दिवशी तिने निकाल दिला. शिमग्याला तिचे भाऊ प्रतापराव आम्हाला भेटायला येणार होते. “तोवर खिडकी झाली तर मी राहीन. नाही झाली तर पेटी बांधलेलीच आहे.”

मी हसलो. मोठमोठी दफ्तरे सरळ करायला सरकारने ज्याला दोनशे कोसांवरून आणले, त्याला एक खिडकी जड जाणार होती?

इथे माझ्या कचेरीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. खात्याचे नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसे अजून नोकरीत आहेत. सरकारी जागा, गल्ल्या, नाले, त्यांवर उघडणारी दारे-खिडक्या असे सगळे अर्ज आमच्याकडे येत, पण कशाकशाचे येतात हे मला मागाहून कळले. ते येत उर्दूत, लांबलचक, आणि मला उर्दूचा गंधही नव्हता. निजामाच्या फसली सालाच्या तारखा, शुक्रवारची सुट्टी रविवारवर नेली तरी शुक्रवारीच सैलावणारी मंडळी, आणि दर वाक्याला ‘हुजूर’ म्हणणारे पंचावन्न वर्षांचे पेशकार, असा सगळा जुना थाट. कागद पुढे मांडणे आणि सही झाली की उचलणे हे पेशकारांचे काम, आणि नमाज पढावा इतक्या निष्ठेने ते करीत. पहिल्याच आठवड्यात मी परिपत्रक क्रमांक एक काढले. प्रत्येक अर्जासोबत इंग्रजीत तीन प्रती आणि नकाशा हवा, नसल्यास अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून पेशकार रोज सकाळी अर्जांची चळत पुढे ठेवत, झुकून सलाम करत, आणि मी फर्राटेदार सही करून चळत रिकामी करी. इतके झपाट्याने काम या कचेरीत कधी झाले नव्हते, असे मला वाटे. ते खरेही असावे.

खिडकीचे मी एकनाथरावांच्या कानावर घातले. एकनाथराव जुन्या दिवाणी कचेरीतून निवृत्त झालेले, घरी मराठीच बोलणारे, पण ती मराठी चार पिढ्या या शहराचे पाणी प्यालेली.

“खिडकी जरूर करू की, माधवराव. तुम्ही फिकर नका करू. पण जरा आहिस्ता. परवा मुसीला पूर आला, तेव्हा ही भिंत वडिलांनी नव्यानं बांधून घेतली. मजबूत आहे.”

मी दचकलो. मुसी नदी हाकेच्या अंतरावर. परवा पूर आला आणि मला पत्ता नाही? मी तडक पुलावर जाऊन पाहून आलो. पाणी गुडघाभर होते आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. मागाहून तारामतीबाईंनी उलगडा केला की तो पूर चाळीस वर्षांपूर्वीचा. “आमच्या हैदराबादेत जे होऊन गेलं ते सगळं परवाच होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या.

एकनाथरावांचे म्हणणे, गल्ली सरकारी, म्हणून अर्ज करावा लागेल. अर्ज ते स्वतःच लिहून संबंधित कचेरीत पोचवतील. पस्तीस वर्षे त्यांनी दुसरे काय केले होते? ‘संबंधित कचेरी’ म्हणजे नगरपालिकेची असणार, असे मी समजलो आणि पुढे चौकशी केली नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला उर्दू अर्ज मराठी करून वाचून दाखवला. मजकूर एवढाच, की भाडेकरूच्या कुटुंबाला गल्लीकडे एक खिडकी हवी आहे. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी ज्या अधिकाऱ्याकडे अर्ज जायचा त्याची अर्धा पान स्तुती होती. तो इन्साफाचा सूर्य होता, गरिबांचा आसरा होता, त्याच्या लेखणीतून दयेचे झरे वाहत होते.

मला हसू आवरेना. “एकनाथराव, कोण गाढव अशा कौतुकाला भुलत असेल?”

एकनाथराव माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. “नवीन आहेत ते,” एवढेच म्हणाले आणि अर्जाची घडी घातली.

अर्ज गेला. आता मंजुरी येईपर्यंत स्वस्थ बसायचे, तर तो माझा स्वभाव नाही. मी गवंडी अप्पारावला बोलावून भिंत दाखवली. त्याला मराठी येत नव्हती, मला तेलुगू येत नव्हती आणि उर्दूत दोघेही सारखेच कच्चे. म्हणून मी हातांनी भिंतीवर चौकोन काढून दाखवला. त्याने मान डोलावली आणि भिंतीची जाडी पाहण्यासाठी छातीच्या उंचीवर चार दगड काढले. भिंत संपेना. आणखी चार काढले. पुराच्या भीतीने बांधलेली ती भिंत दोन हात जाड निघाली. अर्ध्यात पहार अडकली, ती काढताना वाकून निकामी झाली आणि अप्पाराव “परसों आता” म्हणून निघून गेला. परवाचा इथला अर्थ मला आता माहीत होता. मी वाट पाहिली नाही.

भिंतीत राहिले एक आंधळे भोक. निर्मलाने ते झाडूनपुसून घेतले आणि त्यात फणीकरंड्याची पेटी ठेवली. “खिडकी मागितली, कोनाडा मिळाला,” ती तारामतीबाईंना म्हणाली.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यांना तर ऊत आला. समोरचे वकील म्हणाले, आधी भोक पाडलेत हा गुन्हा आहे. कोपऱ्यावरचे शाळामास्तर म्हणाले, गुन्हा नाही, पण आता कबूल करू नका. तारामतीबाई दुपारी चौकात येऊन बसत आणि निर्मलाला म्हणत, “खिडकीचं काय घेऊन बसलाव, बाई? काय हवं ते मला विचारा की. या गल्लीतलं सगळं मी सांगते.” आणि खरेच सांगत, समोरच्या वकिलांची सून रुसून माहेरी गेली इथपासून. खलबत्त्यात शेंगदाणे, तीळ आणि खोबरे कुटता कुटता दोघींचा तासन् तास जाई. मिरचीचे सालन, म्हणजे इथला दाट रस्सा, कसे करायचे ते निर्मला शिकली आणि साताऱ्याचा खर्डा तारामतीबाईंना शिकवला. तो खाऊन एकनाथरावांनी दिवसभर फक्त ताक घेतले. तरी बोलता बोलता निर्मलाची नजर त्या भिंतीकडे जाई. ते मी पाहत होतो आणि मनातून ओशाळत होतो.

महिना गेला, दुसरा गेला. संक्रांतीनंतर एका रविवारी एकनाथराव कागदाची घडी हातात घेऊन आले. चेहरा असा, की घरात कोणी आजारी असावे.

“अर्ज परत आला, माधवराव. अपूर्ण म्हणून.”

मी भडकलोच. खाटेवरून उठून येरझाऱ्या घालू लागलो. “अपूर्ण? त्यात अपूर्ण काय आहे? खिडकी मागितली, भिंत दाखवली, आणखी काय जन्मपत्रिका जोडायची? हे असले अधिकारी! एका बाईमाणसाला उजेडाची फट हवी, तर यांना कागद मोजायचे असतात. सरकार बदललं, पण माठ तेच. नाव काय त्याचं? उद्याच साहेबांच्या कानावर घालतो!”

“जाऊ द्या,” एकनाथराव हळूच म्हणाले. “नवीन माणूस आहे. हळूहळू शिकेल.”

“शिकेल? असल्या माणसाला डोक्यावर माती वाहून विटा थापायला पाठवलं पाहिजे!”

निर्मलाने एकनाथरावांच्या हातातून कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला, चौकातल्या उजेडात धरला. मग माझ्यापुढे आणून ठेवला.

“उर्दू काही मला येत नाही,” ती म्हणाली. “पण ही खालची सही बघा. शेवटच्या अक्षराखाली असा शेपूट ओढणारा एकच माणूस मला माहीत आहे. लग्नाआधी मला पत्रं लिहायचा.”

सही माझी होती. अगदी फर्राटेदार.

मी खाली बसलो. एकनाथरावांनी उपरणे सारखे केले, “चहाची वेळ झाली” असे काहीतरी पुटपुटले आणि सभ्य माणसाने जितक्या घाईने जावे तितक्या घाईने निघून गेले. निर्मला हसली असती तर बरे वाटले असते. ती हसली नाही. तिने कागदाची नीट घडी केली आणि तो पेटीच्या दोरीत खोचून ठेवला, शिमग्याला बरोबर न्यायच्या वस्तूंत.

सोमवारी कचेरीत जाताच मी पेशकारांना आत बोलावले. “तुम्हाला ठाऊक होतं, हा माझ्या घरचा अर्ज आहे?”

“जी हुजूर.”

“मग बोलला का नाहीत?”

“हुजूर कलम उठा चुके थे. अफसर का हात पकड़ना बेअदबी होती है.” मग त्यांचे डोळे भरून आले. “और सच अर्ज करूँ हुजूर, मैं तो समझा, आप अपने घर की भी रिआयत नहीं करते. मैंने उसी दिन बच्चों को बिठा के बोला, ऐसा इन्साफ मैं ने पैंतीस बरस में नहीं देखा. अब तो सारे दफ्तर में मशहूर है.”

आता मला शिपायांच्या अलीकडच्या लवून केलेल्या सलामांचा अर्थ लागला. पाणी आणणारासुद्धा माझ्या टेबलाजवळ आला की चप्पल बाहेर काढून ठेवी. बायकोला खिडकी नाकारणारा न्यायमूर्ती म्हणून मी त्या इमारतीत दोन महिने वावरत होतो. आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला मोह झाला. आयुष्यात माझ्याबद्दल कोणी आदराने डोळे भरून बोलल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. नुसते गप्प राहायचे. कीर्ती आयती चालत आली होती. फक्त बायको साताऱ्याला जाणार होती.

“बाकीचे असे अर्ज कुठे आहेत?” मी विचारले.

पेशकारांनी दफ्तर आणले. परत गेलेल्या एकशे बारा अर्जांची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवली होती. मी त्यांना वाचायला सांगितले. एका विधवेला न्हाणीला दार हवे होते. एका कुंभाराला चाक बाहेर काढण्यापुरती वाट हवी होती. कोणाच्या आजारी बापाला वारा हवा होता. प्रत्येकाने मला इन्साफाचा सूर्य म्हटले होते, आणि मी एकशे बारा वेळा सही करून मावळलो होतो. त्यांच्यापैकी कोणाची बायको माझी सही ओळखणारी नव्हती. मला खरोखर लाज वाटली. पेशकार वाचीत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.

त्याच दुपारी मी साहेबांना टिपण लिहिले. परिपत्रक क्रमांक एक मी अज्ञानाने काढले, मला उर्दू येत नाही हा माझा दोष आहे, अर्जदारांचा नाही, आणि या नियमाने मी माझ्याच घराची खिडकी अडवून बसलो आहे. सर्व अर्ज परत मागवून पेशकारांकडून वाचून घेऊन निकाली काढावेत. साहेबांनी टिपण दोनदा वाचले, चष्मा काढला, आणि “पहिल्याच परिपत्रकाबद्दल मी तुमचं वर कौतुक कळवलं होतं” असे दुखावल्या आवाजात म्हणाले. सही मात्र केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत कळले की न्यायमूर्ती वगैरे काही नाही, मला उर्दू येत नव्हती, इतकेच. दुसऱ्या दिवशी पाणी आणणारा चपलांसकट आत आला.

पेशकार मात्र पूर्वीसारखेच झुकले आणि त्यांनी पहिला कागद माझ्यापुढे ठेवला. आमच्या खिडकीची मिसल, म्हणजे सगळ्या कागदांची फाइल. नकाशा, शिक्के, शेजाऱ्यांची संमती, सगळे पुरे.

“हे कधी तयार केलंत?”

“जिस दिन आप ने नामंजूर फरमाया, उसी दिन, हुजूर. मैं जानता था, घर में भी तो एक हुजूर हैं.”

मंजुरीत एक अट होती. पलीकडच्या घरांचा पडदा मोडू नये म्हणून खिडकीची खालची कड जमिनीपासून चार हात वर असावी, असा जुना नियम. मी तो वाचला नाही, म्हणजे वाचता आला नाही, आणि पेशकारांना वाटले मला ठाऊक असेल. अप्पाराव नव्या पहारेसह उगवला तो नेमका शिमग्याच्या आदल्या दिवशी. त्याने मंजुरीचा नकाशा पाहिला, कोनाडा तसाच सोडला आणि त्याच्याही वर, आढ्याच्या दिशेने, हातोडा चालवला. दुपारी स्वच्छ कोट घालून प्रतापराव नामपल्ली स्टेशनवरून घरी आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला चुना, धूळ आणि शिडीवर उभा असलेला मी होतो.

“दाजी, हे काय चाललंय?” खोकत प्रतापराव म्हणाले.

“खिडकी.”

त्यांनी मान वर करून पाहिले. “ही खिडकी? हिच्यातून बघणार कोण? जिराफ?”

चार महिन्यांची धडपड, एकशे बारा अर्ज, एक परिपत्रक, सगळी अब्रू, आणि शेवटी आणखी थोडे आभाळ. मी शिडीवरून उतरलो आणि निर्मलाकडे पाहायचे टाळत कपडे झटकू लागलो.

प्रतापरावांनी परिस्थिती ओळखली. “चल निर्मले, परवाची गाडी आहे. पेटी बांधलेलीच दिसते.” ते वाकले आणि त्यांनी पेटीचे कडे धरले.

“दादा, ती जरा भिंतीशी सरकव,” निर्मला म्हणाली.

“दार तिकडे आहे.”

“मी भिंत म्हटलं.”

पेटी खिडकीखाली गेली. निर्मलाने पदर खोचला, माझ्या खांद्याला धरून ती पेटीवर चढली आणि दोन्ही हात खिडकीच्या ओल्या चुन्यावर टेकून उभी राहिली. खाली आम्ही दोघे, शिडीवर अप्पाराव, दारात तारामतीबाई, सगळे तिच्या पाठीकडे पाहत होतो.

“ताराकाकू,” ती शेवटी म्हणाली, “ती वकिलांची सून म्हणत होतात ना, रुसलेली? ती परत आली बघा. टांग्यातून उतरतेय. आणि वकिलांचा मुलगा दारात उभा आहे, त्याच्या हातात गजरा आहे.”

“अगं बाई!” तारामतीबाई धावत आल्या, म्हणजे त्या वयात जेवढे धावता येते तेवढ्या. “सरका जरा, मला बघू द्या.”

पेटीवर दोघींना पुरेल एवढी जागा होती.

संध्याकाळी निर्मलाने पेटीची दोरी सोडली. लुगडी, शाल, चांदीची वाटी, तिच्या आईचा फोटो असे एकेक बाहेर काढून तिने फळीवर लावले आणि रिकाम्या पेटीवर घोंगडी घालून बैठक केली. फणीकरंडा कोनाड्यातच राहिला. प्रतापराव पोळी खाता खाता हे सगळे पाहत होते.

“अगं, पण दाजींची बदली तर सहा महिन्यांचीच ना?” ते म्हणाले.

“ते त्यांच्या कागदावर,” निर्मला म्हणाली आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, “दादा, दिवाळीला येशील तेव्हा माझा पाटा-वरवंटा घेऊन ये. जड आहे म्हणून कुरकुर करू नकोस.”